२७ इंची निशिकी, ३५ मिलिमीटरचा टायर आणि मागच्या चिमट्यातली जागा

सायकल निशिकी कंपनीची, जपानमध्ये बनलेली. मालक कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक. आमच्यात सगळे त्यांना काकाच म्हणतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शिकायला असताना त्यांनी ती घेतली, परतताना खोक्यात घालून आणली आणि पुढे बरीच वर्षं कॉलेजला तिच्यावरूनच गेले. मॉडेलचं नाव असलेला स्टिकर केव्हाच उडून गेलाय. सीटखालच्या नळीवर तांगे कंपनीच्या क्रोमोली नळ्यांचा अर्धामुर्धा शिक्का तेवढा शिल्लक आहे. खाली वळलेलं हँडल, तिरक्या नळीवर गिअरच्या दोन कांड्या, मागे सहा चकत्यांचं फ्रीव्हील आणि चाकं २७ × १¼ इंच.

काकांना हीच सायकल घेऊन कोकणात जायचं होतं. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून बोटीनं खाडी ओलांडून वेशवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णे करत दापोली. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे की तो एक रस्ता नसतोच. चांगलं डांबर, खड्ड्यांचं डांबर, नवा काँक्रीटचा पट्टा, पट्टा संपतो तिथे उघडी खडी, आडवाटेला मुरूम आणि जांभ्याची लाल माती. सायकलवरचा टायर छापील मापानं ३२ मि.मी.चा, कॅलिपर लावला तर ३० भरला. त्यात ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. "खडीवर दात वाजतात," काका म्हणाले, "पण खडी-मातीसाठीची नवी ग्रॅव्हल बाइक मला नको. काय करायचं ते हिलाच कर."

सायकलवाल्या मित्रांकडून सल्ला आला तो अपेक्षितच होता: ६५०बी करून टाका. म्हणजे चाक लहान करायचं, म्हणजे जाड टायरला जागा होते. हा सल्ला खोटा नाही. २३ मि.मी. टायरच्या ७००सी (आजच्या रोड बाइकचं नेहमीचं चाक) रोड बाइकसाठी तो फार चांगला आहे, आणि म्हणूनच तो सगळ्याच जुन्या सायकलींना सरसकट दिला जातो. या सायकलला तो लागू पडत नव्हता. का, ते फक्त टेप आणि कॅलिपरनं कळलं, एक रुपयाही खर्च न करता.

इंचांवर विश्वास नको

मोजण्याआधी आकड्यांचा घोळ निस्तरायला हवा, कारण दुकानात पैसे इथेच बुडतात. टायरवरचे इंच हे रिमचं माप नाही. एके काळी ते टायरच्या बाहेरच्या व्यासाच्या जवळपास जायचं, आता नुसतं नाव उरलंय. खरं माप म्हणजे टायरची कडा रिमवर जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तो हल्ली प्रत्येक टायरच्या बाजूला छापलेला असतो: ३५-६२२, ३२-६३० असा. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास.

२७ इंच म्हणजे ६३० मि.मी. ७००सी म्हणजे ६२२. माउंटन बाइकचा २९ इंची टायरही ६२२ च, म्हणजे '२९' हा '२७' पेक्षा ८ मि.मी.नं लहान. २७.५ इंच म्हणजे ५८४. त्यालाच रोडवाले ६५०बी म्हणतात. आणि आपल्याकडची दूधवाल्याची, पोस्टमनची काळी सायकल २८ × १½, ती ६३५. '२७ चा टायर द्या' म्हटलं की काउंटरवर २७.५ चा येतो. तो या रिमवर चढणार नाही, व्यासात ४६ मि.मी.चा फरक आहे. दिवंगत अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी या सगळ्या मापांचा तक्ता करून ठेवलाय. तो फोनमध्ये असावा.

२७ इंच हे माप इंग्लंड-अमेरिकेतलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या रोड बाइक हळूहळू ७००सी वर गेल्या आणि २७ मागे पडलं. पुण्यात आज ६३० चा बरा टायर मागवल्याशिवाय मिळत नाही, आणि जो मिळतो तो ३२ च्या वर जात नाही. म्हणजे रिम बदलणं आलंच. प्रश्न एवढाच, ६२२ की ५८४?

मागचा चिमटा

जुन्या सायकलवर टायर किती जाड बसेल हे चार-पाच अरुंद जागा ठरवतात: पुढच्या चिमट्याच्या माथ्याखालची उंची, त्याच्याच दोन पायांमधली रुंदी, मागच्या ब्रेकच्या पुलाखालची उंची, आणि सगळ्यात नाठाळ म्हणजे मागच्या चिमट्याच्या खालच्या दांड्या, पायडलच्या एक्सलजवळ. चेनस्टे. तिथे एका बाजूला पायडलची दातेरी चाकती, दुसऱ्या बाजूला क्रँक (पायडलची दांडी) आणि मध्ये टायर, सगळ्यांनाच जागा हवी असते.

या सायकलवर पुढे काही अडचण नव्हती. चिमट्याच्या पायांमध्ये ४८ मि.मी., माथ्याखाली टायरच्या वर १४ मि.मी. मोकळे. मागच्या पुलाखालीही भरपूर जागा. त्या काळच्या अशा सायकली मडगार्ड धरूनच बनायच्या. चेनस्टेमध्ये मात्र, टायर जिथे सर्वांत जाड असतो त्या ठिकाणी, ४३ मि.मी.

हे 'त्या ठिकाणी' महत्त्वाचं आहे. चेनस्टे समांतर नसतात, मागे जाताना फाकतात. त्यामुळे मोजताना आधी टायरचा जाड भाग मागच्या चाकाच्या एक्सलपासून किती अंतरावर येईल ते काढायचं आणि तिथेच कॅलिपर लावायचा. हिशेब सोपा आहे: रिमच्या व्यासाचा अर्धा भाग अधिक टायरच्या उंचीचा अर्धा. ६२२ च्या रिमवर ३६ मि.मी. टायरसाठी ३११ + १८, म्हणजे ३२९ मि.मी. जुन्या चाकासाठी ३१५ + १५, ३३०. जागा तीच. ५८४ वर ४२ मि.मी. टायर घेतला तर २९२ + २१ म्हणजे ३१३. चेनस्टे तिथे १६ मि.मी. मागे आणि थोडे फाकलेले. तिथे कॅलिपर ४६ वर थांबला.

दोन्ही बाजूंना किमान ४ मि.मी. मोकळे हवेत, कारण चाक कधी शंभर टक्के सरळ नसतं, चढावर उभं राहून रेटलं की थोडं लवतं आणि टायरला चिकटून खडे वर येतात. ४३ मधून ८ वजा केले की ३५. ४६ मधून ८ वजा केले की ३८. म्हणजे ज्या ६५०बी साठी एवढा उत्साह, तिची टायरमधली कमाई ३ मि.मी.

आता खर्चाची बाजू. ब्रेक पॅड कुठपर्यंत पोचायला हवं ते ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या घासपट्टीपर्यंत मोजतात. जुन्या चाकावर ते पुढे ५३ आणि मागे ५६ मि.मी. होतं. ७००सी वर रिम ४ मि.मी. आत जाते, म्हणजे ५७ आणि ६०. ६५०बी वर २३ मि.मी. आत, म्हणजे ७६ आणि ७९. साध्या, एका बोल्टवर बसणाऱ्या ब्रेकमध्ये लांब हाताचा म्हणून जो सहज मिळतो तो टेक्ट्रोचा आर ५५९, त्याची पोच ५५ ते ७३. मागे सहा मि.मी.साठी अडलं म्हणून चिमट्याला नवे खुंट ब्रेझ करून (पितळेनं जोडून) त्यावर बसणारे कँटिलिव्हर ब्रेक लावायचे, मग ती जागा पुन्हा रंगवायची. चाळीस वर्षांच्या पातळ नळीवर निव्वळ ३ मि.मी. साठी हे कोण करेल?

आणि उंची. जुन्या चाकाची त्रिज्या ३४५ मि.मी. ७००सी वर ३६ मि.मी. टायर घातला की ३४७. फरक नगण्य, काकांना सायकल-कॉम्प्युटरमधला चाकाचा आकडाही बदलावा लागला नाही. ६५०बी वर ३८ चा टायर म्हणजे ३३०. पायडलचा एक्सल तब्बल १५ मि.मी. खाली. खडबडीत वाटेसाठी सायकल बदलायची आणि तिचे पायडल दगडांच्या जवळ आणून ठेवायचे, हे उलटंच झालं.

२३ मि.मी. टायरच्या ७००सी सायकलवर हेच गणित छान जुळतं: ३११ + २३ म्हणजे ३३४, आणि ६५०बी वर ४२ चा टायर म्हणजे २९२ + ४२, तेही ३३४. उंची जशीच्या तशी, टायर जवळजवळ दुप्पट. फ्रान्समधल्या जुन्या टूरिंग सायकलींचं हे माप अमेरिकेत यान हाइने यांच्या सायकल नियतकालिकानं पुन्हा चर्चेत आणलं, २००७ मध्ये कर्क पासेंटी यांनी त्याच व्यासाचा माउंटन बाइकचा टायर आणला आणि पुढे तेच २७.५ म्हणून जगभर गेलं. म्हणूनच आपल्याकडे त्याचे टायर-ट्यूब सहज मिळतात. मात्र २७.५ च्या रिम आता बहुतेक डिस्क ब्रेकसाठी बनतात. त्यांना घासपट्टीच नसते. रिम ब्रेकची जुनी सायकल असेल तर टायरच्या आधी रिम शोधा.

सगळं वहीत मांडून काकांसमोर ठेवलं. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे बेरजा आधी तपासल्या. "म्हणजे हायब्रिडचा टायर?" त्यांचा चेहरा जरा पडला. हो, काका, हायब्रिडचा टायर, रोड आणि माउंटनच्या मधल्या साध्या सायकलचा. ७०० × ३५. पुण्यात कोणत्याही सायकलच्या दुकानात लटकलेला असतो, तोच.

आणखी दीड मिलिमीटर

१९ मि.मी. आतल्या रुंदीच्या रिमवर छापील ३५ चा टायर ३६ भरतो. ४३ च्या जागेत ३६ म्हणजे बाजूला साडेतीनच उरतात. इथे जुन्या फ्रेमचा एक गुण कामी आला. मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती आजच्यासारखी उभी नसून लांबट आडवी आहे. चाक पुढे-मागे सरकवता येतं. ते खाचेच्या मध्यावर कसलेलं होतं. ८ मि.मी. मागे घेतलं तर टायरचा जाड भाग तेवढाच मागे, फाकलेल्या जागेत जातो. जागा ४३ ची साडेचव्वेचाळीस झाली. दोन्ही बाजूंना सव्वाचार.

फुकट काहीच नाही. चाक मागे गेलं की रिमही ब्रेकच्या बोल्टपासून तीनेक मि.मी. लांब जाते, म्हणजे मागच्या ब्रेकची पोच ६० ची ६३ झाली. आणि आडव्या खाचेतून चाक काढताना ते आधी पुढे ओढावं लागतं. हवा भरलेला ३६ चा टायर तिथे चेनस्टेमध्ये अडतो. म्हणून चाक काढायचं तर हवा सोडून, आणि बसवताना आधी चाक बसवून मग हवा. पंक्चर झालं असेल तर हवा गेलेलीच असते, त्यामुळे प्रत्यक्षात त्रास फक्त बसवताना. हे काकांना आधीच दाखवून ठेवलं, कारण भर उन्हात रस्त्याकडेला हे पहिल्यांदा कळलं की माणूस सायकल ढकलून देतो.

ब्रेक आर ५५९ च घेतले, पुढे-मागे दोन्ही. जुन्या ब्रेकच्या खाचेत पॅड फार तर ५८ पर्यंत खाली यायचं, म्हणजे पुढे कसंबसं चाललं असतं. पण घाटात उतरताना खरं काम पुढचाच ब्रेक करतो, तिथे कसंबसं नको. मागवताना एक गोष्ट नीट बघावी लागते: जुन्या फ्रेमला ब्रेक आरपार बोल्ट आणि मागून साध्या नटनं बसतो, नव्या फ्रेमला आत शिरणाऱ्या नळीसारख्या नटनं. हा ब्रेक दोन्ही प्रकारांत येतो. चुकीचा आला तर चिमट्याचं भोक मोठं करायचा मोह होतो. नको. ब्रेकची ही जोडी रिमच्या जोडीपेक्षा महाग पडली, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते इथे वाचवू नयेत. हँडलवरचे जुने लिव्हर मात्र तसेच राहिले. ते आजच्या लिव्हरपेक्षा केबल कमी ओढतात, पण जोर जास्त देतात. लांब हाताच्या ब्रेकला तेच हवं असतं.

जुनी पॅड न हलवता नुसतं ७००सी चाक घालणारे लोक मी पाहिलेत. पॅड ४ मि.मी. वर राहतं, टायरच्या बाजूला घासतं आणि काही उतारांत तिची चिरफाड करतं. त्या टायरला घाटातच फुटायचं असतं.

चाक बांधणं

जुन्या हबमध्ये जीव होता. कोन काढून छर्रे बदलले, ग्रीस भरलं, हब मऊ फिरू लागले. मागच्या हबची रुंदी १२६ मि.मी., पुढच्याची १००. तेच ठेवले म्हणजे फ्रेम फाकवायचा प्रश्न उरला नाही. पोलादी फ्रेम १२६ ची १३० करता येते, दोन्ही बाजूंना दोन-दोन मि.मी. वाकवून, दोरा लावून सरळ तपासून. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला असला खेळ अजिबात करू नये.

जुन्या रिमचा निर्णय काकांना जड गेला. अराया कंपनीच्या सुंदर रिम, अजून चकचकीत. मग स्टीलची पट्टी घासपट्टीवर उभी धरून दाखवली: पट्टी आणि रिममध्ये खोलगट फट, उजेड दिसत होता. चाळीस वर्षांच्या ब्रेकनं भिंत बाहेरून खाल्लेली. अशी भिंत हवेच्या दाबानं फाकते. काका म्हणाले, "बरं, राहू दे. पण फेकायच्या नाहीत."

रिम बांधण्याआधी फ्रीव्हील निघायला हवं, आणि ते निघेना. सनटूरचं, दोनच खाचांचं. त्याचा पाना दोन छोट्या दातांवर बसतो आणि जरा जोर लागला की उसळून खाचा खाऊन टाकतो. एकदा खाचा गेल्या की फ्रीव्हील फोडणं एवढाच मार्ग. म्हणून आधी तेल सोडून रात्रभर ठेवलं. मग पाना खाचांत बसवून एक्सलच्या नटनं जागेवर आवळला, पान्याचं डोकं बाकड्याच्या व्हाइसमध्ये घट्ट धरलं आणि चाक आडवं करून, दोन्ही हातांनी रिम धरून, एसटीच्या स्टिअरिंगसारखं फिरवलं. व्हाइस तशीच, चाकच पाना. कड असा एक आवाज आला. तेवढ्यावर थांबून आधी नट सैल करायचा, नाहीतर सुटणारं फ्रीव्हील नटावर रेलून एक्सलचे आटे खातं. मग हातानंच निघालं.

नव्या रिम ३६ भोकांच्या, दुहेरी भिंतीच्या, व्ही-ब्रेकच्या (रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या) हायब्रिडसाठी बनणाऱ्या. पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे चाक बांधायला दिली. स्पोक नवे घ्यावे लागतात, कारण रिम बदलली की लांबी बदलते. ती कोष्टकातून काढता येते, पण मिस्त्री कोष्टक मानत नाहीत. त्यांनी माहीत लांबीचे दोन स्पोक समोरासमोरच्या भोकांतून आत घातले, निपल (स्पोकचे नट) पूर्ण चढवले, दोन्ही ताणून त्यांच्या टोकांमधलं अंतर मोजलं. रिमवर आणखी दोन जागी तेच केलं. तिन्ही मापं जुळली तेव्हा स्पोक कापायला घेतले. मागच्या चाकाला फ्रीव्हीलच्या बाजूचे वेगळे, जरा आखूड.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मिस्त्रींनी रिमजवळ नख धरलं होतं. "अजून घेऊ का, साहेब?" त्यांनी काकांना विचारलं. काका वाकून बघत होते. त्यांना काहीच हलताना दिसलं नाही. मिस्त्रींना दिसत होतं. त्यांनी आणखी दोन निपल पाव फेरा फिरवले. ४ मि.मी. जागेच्या सायकलला हाच माणूस हवा.

रिमचं व्हॉल्व्हचं भोक मुद्दाम मोठं, साडेआठ मि.मी.चं घेतलं. रोडवाले बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह वापरतात, त्याला साडेसहाचं भोक पुरतं. पण कोकणातल्या गावात सायकलचं जे दुकान असेल तिथे काळ्या सायकलची २८ × १½ ची ट्यूब असते, वालट्यूबवाल्या व्हॉल्व्हची. तो व्हॉल्व्ह मोठ्या भोकातून जातो. ट्यूब जरा मोठी असते, आत एखादी घडी पडते, पण ७०० × ३५ च्या टायरमध्ये घालून घरी येता येतं. बारीक भोकाच्या रिमला ही सोय नाही.

गिअरचं फार लांबवत नाही. फ्रीव्हील निघालंच होतं, तर १४-२८ दातांच्या जागी १४-३४ चं सात चकत्यांचं घातलं. ते १२६ च्या हबवर बसतं. फक्त सर्वांत लहान चकतीवरची चेन फ्रेमला लागत नाही ना ते बघायचं. मागचा जुना डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा भाग) ३४ पर्यंत जाईना, म्हणून साधा लांब पिंजऱ्याचा माउंटन बाइकचा लावला. गिअरच्या कांड्या घर्षणाच्या, टकटक न करणाऱ्या, त्यामुळे कशाचंही कशाशी जमतं. पुढच्या ४० दातांच्या चाकतीवर सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल आधी ३.१ मीटर जायची, आता अडीच मीटरच्या आसपास. सामान घेऊन घाट चढताना हा फरक टायरइतकाच मोलाचा. यातली एक कमजोरी सांगायला हवी: अशा जुन्या हबमध्ये फ्रीव्हीलच्या बाजूचा छर्रा बराच आत असतो, एक्सलचा लांब तुकडा बिनाधार राहतो आणि जड सामानाखाली तो मोडू शकतो. काकांचं सामान ८ किलो. तेवढं चालतं. वीस किलो लादायचं असतं तर वेगळा विचार केला असता.

हवा

पहिल्या फेरीहून काका नाराज होऊन आले. पानशेत रस्त्याला जाऊन आले होते. "एवढं सगळं केलंस, फरक काय पडला? दात वाजतातच आहेत." टायर अंगठ्यानं दाबून बघितला, दगड. नव्या टायरच्या बाजूला कमाल ८५ पीएसआय छापलेलं, काकांनी सवयीनं ८५ भरली होती.

जाड टायर आणि त्यात पातळ टायरची हवा, म्हणजे नुसतं वजन वाढवलं. ३० चा टायर ३६ झाला की आतली हवेची जागा रुंदीच्या वर्गानं वाढते, सुमारे ४४ टक्के. ती जागा वापरायची म्हणजे दाब उतरवायचा. माझा आधार फ्रँक बर्टो या अमेरिकन तंत्रलेखकांनी रूढ केलेला हिशेब: स्वार बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या सुमारे १५ टक्के बसायला हवा. काका ७४ किलो, सायकल १३, सामान ८, एकूण ९५. त्यातले साधारण ४३ पुढच्या चाकावर, ५२ मागच्या. या वजनाला ३६ मि.मी. टायरसाठी पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआय. मुरमावर आणखी पाच-सात कमी.

काकांना ४५ हा आकडाच पटेना. त्यांच्या मते एवढ्या हवेत सायकल ओढत नेल्यासारखी चालणार. खडबडीत रस्त्यावर उलटं होतं: कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो, ती ताकद पुढे जायला उरत नाही. पण हे सांगून पटत नाही. ४५-५५ वर भरून त्यांना तोच रस्ता परत करायला पाठवलं. यावेळी काकांनी टायरबद्दल काहीच तक्रार केली नाही, सीटबद्दल केली.

खालची मर्यादाही आहे. दाब फार उतरला की खड्ड्याच्या कडेवर टायर पार दबून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि जोडभोकांचं पंक्चर होतं. या वजनाला मागे ४५ च्या खाली जायचं नाही, असं ठरवून दिलं.

ताम्हिणी ते दापोली

निघण्याआधी एक चाचणी. चेनस्टेच्या आतल्या अंगाला एक प्लास्टिकची झिप टाय बांधली, तिचं शेपूट टायरपासून २ मि.मी. वर कापलं आणि काकांना चांदणी चौकाचा चढ उभं राहून, जोर लावून चढायला सांगितलं. टायर लवून २ मि.मी. जवळ आला तर शेपूट घासून चट चट वाजतं. वाजलं नाही. ती टाय काढली, चेनस्टेच्या आत जाड पारदर्शक टेप चिकटवली.

पाऊस संपून रस्ते वाळल्यावर काका दोघा मित्रांबरोबर गेले. मित्रांपैकी एकाकडे नवी, ४० मि.मी. टायरची डिस्क ब्रेकची ग्रॅव्हल बाइक, दुसऱ्याकडे २५ च्या टायरची कार्बन रोड बाइक. डांबरावर कार्बनवाला पुढे. पौड ते मुळशी हे असंच. माणगावच्या पुढे रुंदीकरणाच्या कामात उघडी खडी लागली तिथे तो उतरून चालू लागला आणि काका त्याच्या शेजारून सायकलवरून गेले. हे त्यांनी परत आल्यावर तीन वेगवेगळ्या लोकांना माझ्यासमोर सांगितलंय. केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्याला जाताना कडेच्या लाल मातीच्या वाटेवर ग्रॅव्हल बाइक सरस ठरली, आणि ते बरोबरच आहे. ३६ चा गुळगुळीत टायर सुट्या मातीच्या वळणावर सरकतो. पुढचा ब्रेक तिथे हलका ठेवावा लागतो. वाळूत तर कोणाचंच काही चाललं नाही.

उतारावर ब्रेकनं काम चोख केलं. लांब हातांमुळे लिव्हर दाबताना थोडा स्पंजासारखा लागतो, काकांना त्याची सवय व्हायला घाट संपला.

एक जागा मात्र कागदावरच्या हिशेबापेक्षा अरुंद निघाली. हरिहरेश्वरच्या अलीकडे टँकर सांडल्यानं भिजलेल्या लाल मातीत दोनेकशे मीटर गेल्यावर मागचं चाक जड होऊ लागलं. चेनस्टेजवळ माती थापली गेली होती, तीत बारीक जांभा. काडीनं खरवडून काढली. परत आल्यावर बघितलं तर डावीकडची टेप जागोजागी फाटलेली, रंगावर दोन चरे. सव्वाचार मि.मी. कोरड्या खडीला पुरतात, ओल्या लाल मातीला पुरत नाहीत. ग्रॅव्हल बाइकवर याच जागी दहाएक मि.मी. सुटलेले असतात, आणि तिथे जुनी सायकल तिची बरोबरी करू शकत नाही.

म्हणून पावसाळ्यासाठी वेगळी तजवीज ठरली आहे: ७०० × ३२ ची जोडी, म्हणजे बाजूला सहा-सहा मि.मी., आणि मडगार्ड. मागचं मडगार्ड चेनस्टेच्या अरुंद जागेत जसंच्या तसं शिरणार नाही. त्याच्या कडा तेवढ्यापुरत्या पत्र्याच्या कात्रीनं अरुंद कापून खालच्या आडपट्टीला क्लिपनं बांधावं लागेल. काकांना मडगार्ड पत्र्याचंच हवंय, प्लास्टिकचं नाही. ते मिळालं की जूनच्या आधी बसवायचं, आणि तेव्हाच चेन, केबल आणि मागचा एक्सल एकदा काढून बघायचा.